रकाना चौदा

सैनिक कल्याण कार्यालयाचा फॉर्म.
रकाना चौदा: कोणत्या जहाजावर, कधीपासून, कधीपर्यंत.
बाबा स्वतःचं काही सांगत नाहीत,
जहाजाचंच सांगतात.
मी लिहिते.

नाव नीलगाय.
आमच्याकडे तिला रोही म्हणतात,
तुरीत शिरली की डबा वाजवून हाकलतात.
उकंडा नेवारे, खैरबोडी, जिल्हा भंडारा,
नाव ऐकून पहिल्याच दिवशी हसले
आणि आठवडाभर डेक घासत बसले.

लांबी बाबांच्या मापात:
बोडीच्या पाळीपासून मारुतीच्या पारापर्यंत.
पोटात लाखांदूरचा अख्खा बाजार मावेल.
तळ सपाट, आमच्या डोंग्यासारखा.
उथळ पाण्यात शिरायचं तर तळ सपाटच हवा,
ढिवराच्या पोराला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

समोरून तोंड उघडायचं तिचं.
दोन दारं, मग उतरण,
आणि वाळूत रणगाडे, एकामागे एक,
तलावातून निघालेल्या म्हशींसारखे.

लढाई एकच. रात्रीची.
किनारा काळा, आणि डावं दार अडकलेलं.
बाबा आणि कोचीनचा वर्गीस घणाने ठोकत होते,
अख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असं.
समोरून कुणी गोळी झाडली नाही.
का, ते अजून कळलं नाही.
"नाही तं तू कुठली," म्हणतात
आणि गडवा तोंडाला लावतात.

बाकी सगळी हमालीच.
बेटांवर सिमेंट, पत्रे, सुटा करून एक दवाखाना.
(याच फेरीत आजी गेली. तार अकराव्या दिवशी.)
वादळानंतर ओडिशाला तांदूळ.
एका पोत्यावर तुमसरच्या गिरणीचा शिक्का,
बाबांनी त्यावरून बोट फिरवलं,
चार जणांना बोलावून दाखवलं.
कुणाला काय त्याचं.
एकदा दोन हत्ती, जंगलात ओंडके ओढायला.
धाकट्याला समुद्र लागला.
रात्रभर सोंड बाबांच्या खांद्यावर टाकून उभा होता.
त्या खांद्यावरचा सदरा त्यांनी
किती दिवस धुतला नाही, ते सांगत नाहीत.

आणि हे तीनदा सांगितलं,
फॉर्ममध्ये त्याला जागा नाही:
किनाऱ्याला लागायच्या आधी
मागचा नांगर टाकायचा, लांब, खोल पाण्यात.
मग पुढे खुशाल वाळूवर चढायचं.
माल उतरला की तोच दोर गुंडाळत
स्वतःला मागे ओढून घ्यायचं.
"मांगचा नांगर आंधी. मंग तोंड उघडाचं."
एकदा दोर तुटला.
नऊ दिवस नीलगाय वाळूत कलून पडली होती,
गावची पोरं तिच्या सावलीत गोट्या खेळत होती.
ते नऊ दिवस
बाबांना गाढ झोप लागली म्हणे.

ते परत आल्यावर सहा वर्षांनी
वर्गीसचं पत्र आलं: विकली. अलंगला जाते.
शिंगाड्याचा हंगाम सोडून बाबा निघाले,
तीन गाड्या बदलल्या.
भंडाऱ्याच्या मैदानात छाती मोजली तीही भरती,
ही भरती पौर्णिमेची.
ती आली. स्वतःच्या इंजिनावर, पूर्ण वेगात,
सरळ चिखलाकडे.
बाबा मागे बघत राहिले. तिच्या पाठीकडे.
दोर नव्हता.
कुणी टाकलाच नव्हता.

एवढं सांगून ते उठले.
बोडीत पाणी कमी झालंय, वेल पिवळे पडलेत.
डोंगा ढकलायच्या आधी
दोरीला बांधलेला दगड पाठीमागे भिरकावला,
गुडघाभर पाण्यात.
त्याची काही गरज नसते.

मी काठावरून ओरडले,
बाबा, कधीपर्यंत लिहू?
पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.
मग म्हणाले, पेन्सिलनं लिही.